अमीनभाऊ धावला म्हणजे पाणी

तर त्या पांढऱ्या रेघेपाशी अमीनला उभा करून आपण काल जेवायला उठलो होतो. बिचारा तेव्हापासून तसाच उभा असणार, छातीवर नंबर टाचलेला, थंडीनं हात काखेत. चला, त्याला आधी मोकळं करू. पण काल जे आले नव्हते ते आता एकमेकांचं तोंड बघताहेत, म्हणून थोडं मागचं सांगणं भाग आहे.

अमीन म्हणजे आपल्या धुळ्याचा पाणी सोडणारा. कागदावर त्याच्या हुद्द्याला काय म्हणतात देव जाणे, लोक म्हणतात अमीनभाऊ. खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत घालायची, अंगाचा पीळ देऊन व्हॉल्व्ह फिरवायचा, की त्या गल्लीत पाणी. मग पुढचं चेंबर. या गल्लीचं बंद, त्या गल्लीचं चालू. काळी दाढी होती तेव्हापासून हे चाललं आहे, आता दाढी पार पांढरी.

धुळ्यात पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याची त्याची पाळी असते आणि मधले दिवस टिपाडात साठवून काढायचे. पाळीच्या दिवशी अमीन चालत येतो, आरामात, पान खात. पण कधी कधी काय होतं, कुठे पाईप फुटलेला असतो, तो जोडला जातो, टाकीत पाणी जास्त राहतं आणि पाळी नसताना एखाद्या भागाला सोडावं लागतं. ते कुणाला माहीत नसतं. गुपचूप सोडून मोकळं व्हावं, असं दुसरा म्हणाला असता. अमीनला ते जमेना. पाणी गटारीत गेलेलं त्याला बघवत नाही. मग तो चावी खांद्यावर टाकून गल्लीगल्लीतून पळत सुटतो आणि ओरडतो, "पानी उनं! पानी उनं!" इतकी वर्षं हेच. त्यामुळे त्या भागातल्या बायकांनी एक खूणगाठ बांधून ठेवली आहे. अमीनभाऊ चालतो तेव्हा पाळीचं पाणी. अमीनभाऊ पळतो तेव्हा बिनपाळीचं.

त्या भिकनच्या हळदीची गंमत सांगितली का मी? नवरदेव पाटावर बसलेला, अंगभर हळद, बायका गाणी म्हणताहेत, आणि रस्त्यावरून अमीन पळाला. पाच मिनिटांत मांडव रिकामा! नवरदेव स्वतः पिवळ्या अंगानं पाण्याची नळी धरून टिपाडावर उभा. फोटोवाल्यानं तोच फोटो मोठा करून दिला, अजून भिंतीवर आहे.

आणि दुसरी सवय ऐका, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. ताजं पाणी येणार म्हटलं की आपल्या बायका पहिलं काय करतात? जुनं ओततात. टिपाडाच्या तळाशी राहिलेलं शिळं पाणी मोरीत उपडं करायचं, टिपाड खसाखसा घासायचं, मग नळीखाली लावायचं. पाणी सुटलं हे कळलं की भरायच्या आधी ओतण्याची घाई.

आता या माणसानं शर्यतीत का पळावं? मागल्या वर्षी त्याची साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. अमीन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी दुसरं काय करतो?" डॉक्टर म्हणाले, "मग पळा." शाळेत खेळ शिकवणारे कुंदन सर सकाळी पोरासोरांना, मोठ्यांना पळवत असतात. त्यांनी याला हाताला धरून नेलं. पहिल्या दिवशी अमीनला चावीशिवाय पळताना सारखं एका बाजूला कलंडल्यासारखं होई. हळूहळू जमलं. सराव गावाबाहेरच्या हायवेच्या कडेला, शेतांमधून. गावातल्या कुणी त्याला पाण्याशिवाय, नुसतं पळताना पाहिलंच नाही. हे लक्षात ठेवा.

घरी मदिना, त्याची बायको, बूट हातात घेऊन म्हणाली, "अजी, एवढे पांढरे बूट घालून तुम्ही चेंबरमध्ये उतरणार?"

"चेंबरमध्ये नाही. एकवीस किलोमीटर पळायचं आहे."

"कुठं जायला?"

"कुठंच नाही. जिथून निघायचं तिथंच परत यायचं."

"मग घरीच थांबा की! तेवढंच होईल."

हसायला लागली. पण ती पाणी आणायला आत गेली आणि अमीन मुलीला, मिसबाहला, एक गोष्ट बोलला. म्हणाला, "बेटा, माझं काम कधी संपत नाही. एक गल्ली झाली की दुसरी. शेवटची होते तोवर पहिलीची पाळी परत येते. एवढ्या वर्षांत 'झालं बुवा' असं मी एकदाही म्हटलेलं नाही. या शर्यतीला म्हणे शेवटी एक रेघ असते. ती ओलांडली की संपलं. मला एकदा ती रेघ ओलांडून बघायची आहे."

एवढंच हवं होतं त्याला. नंबर नको, बक्षीस नको. साडेतीन तासांच्या आत ती रेघ. सगळ्यांच्या मागून एक गाडी येते. तिनं गाठलं की पळणाऱ्यानं गाडीत बसायचं आणि घरी जायचं, असा नियम. अमीनला त्या गाडीची धास्ती होती.

झालं. शिट्टी वाजली आणि काय सांगू मंडळी, अमीन पहिला किलोमीटर पळालाच नाही, वाहवला! पुढे माणसं, मागे माणसं. जळगावहून मेहरूणच्या तलावाभोवती पळणारी टोळी आली होती. डॉक्टर, वकील, पोलीस, वेणी घातलेल्या पोरी, एक आजोबा तर धोतर खोचून. इतकी माणसं एकदम पळताना त्यानं फक्त टँकरमागे पाहिली होती. इथं टँकर नाही, कुणाच्या हातात हंडा नाही, कुणी कुणाला कोपर मारत नाही. उलट कुणी मागे राहिलं तर पुढचा वळून म्हणतो, "चला काका, चला." अमीनच्या अंगावर काटा आला. पांझरेच्या पुलावर आले तेव्हा सूर्य नुकताच वर येत होता आणि शेकडो पायांचा आवाज पुलाच्या कमानींत घुमत होता. अमीन स्वतःशीच म्हणाला, "या अल्ला, हे रोज का नाही होत?"

पूल ओलांडला आणि त्याचा स्वतःचा भाग सुरू झाला. कोपऱ्यावरच रूपा दात घासत उभी. हिनं आधी शंभर माणसं पळताना पाहिली होती, काही वाटलं नव्हतं. पण अमीन दिसला आणि तिचा ब्रश तोंडातच राहिला.

"वो बाई! अमीनभाऊ पयी ऱ्हायना!"

आत ओरडत गेली. माड्यांवरून डोकी बाहेर आली. कुणी हात हलवला, कुणी टाळी वाजवली, एकीनं तर "अमीनभाऊ, देव तुनं भलं करो!" म्हणून वरून आशीर्वाद दिला. आणि आपला अमीन काय समजला? तो समजला, हे आपल्यासाठी! एवढी वर्षं या गल्ल्यांतून गेलो, 'पानी कव्हय ई', पाणी कधी येणार, याशिवाय कुणी शब्द बोललं नाही, आणि आज ही माणसं आपल्याला पळताना बघून एवढी खूश! त्याचे डोळे भरून आले. छाती पुढे, मान ताठ, दोन्ही हात वर करून तो सगळ्यांना सलाम करत निघाला. जेवढा तो हात वर करी तेवढा लोकांचा उत्साह वाढे. माड्यांवरून धाडधाड जिने उतरल्याचे आवाज. नळाला पाणी ओढायच्या मोटारी जोडल्याची घुंई.

मग त्याच्या पांढऱ्या बुटाखाली पाणी आलं.

एवढुसा ओहोळ, रस्त्याच्या कडेनं. अमीनचं सगळं आयुष्य पाण्याकडे बघण्यात गेलेलं. त्यानं ओहोळ कुठून येतो ते पाहिलं. डाव्या गल्लीतून. गल्लीच्या तोंडाशी ताईबाई. वय झालेली, एकटी राहणारी बाई, पाठीत वाकलेली, पण टिपाड एकटीनं उपडं करायची तिची हातोटी जुनी. पत्र्याचं टिपाड आडवं झालेलं, शेवटचं पाणी गुळगुळ करत बाहेर येत होतं आणि ताईबाई नारळाची शेंडी घेऊन घासायला बसतच होती. तिच्या पलीकडे तीन घरांपुढे तीच तयारी.

अमीन जागच्या जागी थांबला. मागून येणारा त्याच्या पाठीवर आदळला.

"अक्का! हे काय करी ऱ्हायनी?"

ताईबाईनं वर पाहिलं. "दखस काय? लवकर सोड बाप, मी घासीसन तयार शे."

"अक्का, पानी नही शे!"

"नही शे म्हंजे? तू पयी ऱ्हायना ना?"

"शर्यत शे, अक्का. मी शर्यतमा पयी ऱ्हायनू."

ताईबाईनं त्याच्या छातीवरचा नंबर पाहिला, बूट पाहिले, रस्त्यावरून जाणारी माणसं पाहिली. तिच्या हातातली शेंडी खाली पडली.

"मी त बठ्ठं वती दिधं रे बाप! तू पयी ऱ्हायना म्हनीसन वती दिधं! आते काय पिऊ?"

शेजारची एक आली, दुसरी आली. सगळ्यांचं तेच, होतं नव्हतं ते सगळं ओतून बसलेल्या. पाळीला अजून तीन दिवस. एक तरणी सून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अमीनभाऊ, पानी नाही तर तुम्ही हात वर करून कसाले दाखवी ऱ्हायनात?" अमीननं आडवं टिपाड उभं केलं. तळाशी तांब्याभर राहिलं होतं, तेवढं वाचलं. शेजारणीला म्हणाला, "ज्यांनी ओतलं नाही त्यांनी अक्काला एकेक कळशी द्या, मी बघतो." काय बघणार होता? चावी घरी, ड्यूटीवर त्याच्या जोडीचा तौसिफ, तो गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या पाळीचं पाणी सोडत होता. एकाचं तोडून दुसऱ्याला देणं अमीनच्या रक्तात नाही.

आणि तेवढ्यात त्याला त्याहून भयंकर गोष्ट ऐकू आली. सून फोनवर बोलत होती, "हो आत्या, आत्ताच गेला, पळतोय, तुमच्याकडेच येतोय."

बातमी पुढे गेली! पुढे अजून किती गल्ल्या, किती टिपाडं! आणि रस्ता तोच, शर्यतीचा.

"फोन कर, नाही म्हणून सांग!"

"सांगते, पण पाण्याचं फोनवर कुणी खरं मानत नाही, भाऊ. तुम्हीच शिकवलंय."

खरंच होतं. फोनवरचं पाणी कितीदा खोटं निघालेलं. या लोकांचा विश्वास फक्त अमीनच्या पायांवर.

मागे भोंगा वाजला. ती गाडी. पुलावरून उतरली होती, हळूहळू, शेवटच्या माणसाच्या मागून. अमीननं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा ताईबाईकडे. ताईबाई चिडलेली होती, पण शहाणी बाई, आपलं सांडलं ते सांडलं हे जाणणारी. म्हणाली, "मनाकडे काय दखस? मनं त सांडनं. जाय, पुढे बठ्ठासले सांग!"

मग अमीन जो सुटला! त्याआधी तो पळत होता असं आपण उगाच म्हणत होतो. पळणं हे. गल्ली आली की आत घुसायचं, "पानी नही! वतू नका! शर्यत शे, शर्यत!" ओरडायचं, परत रस्त्यावर, पुढची गल्ली. एका दारात टिपाड मांडीवर कललेलं, पाणी काठाला आलेलं, आणि बाई तशीच थिजली. दुसरीकडे सासू ओत म्हणतेय, सून अडून बसलीय, "आधी मी ऐकते काय म्हणतोय." एका माडीवरून विचारणा, "मंग तुना मांगे कोन लागेल शे?" अमीन म्हणाला, "गाडी!" त्यावर तो माणूस घाबरून खिडकी लावून आत गेला.

पण गल्ल्या किती आणि माणूस एक. प्रत्येक गल्लीत आत-बाहेर करताना गाडी जवळ येत होती. भोंगा आता कानाशी. श्वास मावेना. रेघ अजून लांब. अमीनच्या मनात आलं, संपलं, आपण गाडीत बसणार. बसावं लागलं तर बसू, पण मग पुढच्या गल्ल्यांना सांगणार कोण?

तेवढ्यात पुढून कुंदन सरांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा माणूस रस्ता सोडून गल्ल्यांत शिरतोय! "अमीनभाई! रस्ता सोडू नका, बाद कराल स्वतःला!"

अमीनला पूर्ण वाक्य बोलण्याइतका दम नव्हता. म्हणाला, "सर... पानी नही... ओतू नका म्हणा... पुढं सांगा..."

कुंदन सरही याच गावचे. त्यांच्या घरीही टिपाडं आहेत. एका क्षणात समजले. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी पुढच्याला हाक दिली, "पाणी नाही! ओतू नका! पुढं सांगा!" त्या पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. वकिलानं पोलिसाला, पोलिसानं जळगावच्या टोळीला. त्यांना काय ओतायचं आणि कशात, काही ठाऊक नाही, पण जळगावकर आवाजाला कमी नाहीत. "ओतू नका! ओतू नका!"

आणि मंडळी, हे मी तुम्हाला सांगतोय तेव्हाही माझ्या अंगावर शहारे आहेत. अमीननं आयुष्यभर पाणी पाईपातून पुढे सरकताना ऐकलेलं. व्हॉल्व्ह उघडला की आधी हवा फुसफुसते, मग गडगड होते, मग तो आवाज जमिनीखालून एका चेंबरकडून दुसऱ्या चेंबरकडे निघून जातो. तुम्ही कितीही पळा, तो तुमच्या पुढे. आज तस्साच आवाज, जमिनीवरून, माणसांच्या गळ्यातून! त्याच्या डोळ्यांसमोर हाक निघाली आणि रस्त्याच्या वळणापलीकडे गेली. कुणीही धावणारा तिला गाठू शकला नसता. धोतरवाले आजोबा दर चार पावलांना थांबून "ओतू नका" म्हणत आणि परत पळत. वेणीवाल्या पोरींनी तर त्याची चालच बांधली, एकीनं "पाणी नाही" म्हणायचं, बाकीच्यांनी "ओतू नका". अख्खी शर्यत ओरडत निघाली, आणि दोन्हीकडच्या दारांत टिपाडं जिथल्या तिथं उभी राहिली. भरलेली. एकही आडवं नाही.

अमीन गल्लीत शिरायचा थांबला. गरजच उरली नाही. तो रस्त्याच्या मध्यावर पळू लागला आणि नुसता बघत राहिला. पाय आपले आपण चालत होते. भोंगा मागे पडला केव्हा, त्याला कळलंही नाही.

शेवटाला कमान, कमानीवर घड्याळ, घड्याळात थोडासाच वेळ शिल्लक. मदिना आणि मिसबाह दोरीच्या पलीकडे. मदिना, घरीच थांबा म्हणणारी, पदर सुटेपर्यंत ओरडत होती, "अजी पळा! गाडी आली, पळा!" अमीन आला. ती पांढरी रेघ पायाखाली आली. त्यानं खाली पाहून, मोजून मापून, उजवा पाय पलीकडे टाकला, मग डावा. मागे वळून रेघेकडे पाहिलं. म्हणाला, "झालं."

मिसबाहनं ऐकलं ते. तिनंच मला सांगितलं.

गळ्यात पदक पडलं. माईकवाला धावत आला. त्याचा समज असा, की हा काहीतरी जलबचतीचा मोठा कार्यक्रम होता. "मंडळी, 'ओतू नका'! किती सुंदर संदेश! काका, हा तुम्हाला कसा सुचला?" आणि माईक तोंडाशी.

अमीन माईकमध्ये म्हणाला, "तो टँकर कुणाचा?"

मैदानाच्या कडेला पळणाऱ्यांसाठी आणलेला पाण्याचा टँकर उभा होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. आयोजक म्हणाले, आता आम्हाला लागणार नाही. अमीन बूट न काढता ड्रायव्हरशेजारी चढला. कुंदन सर मागच्या शिडीवर लटकले. जळगावच्या टोळीतले दोघं, नेमकं काय ओतायचं नव्हतं ते बघायचंच म्हणून, मोटारसायकलवरून मागे.

ताईबाईच्या गल्लीत टँकर शिरला तेव्हा उपडी झालेली सगळी टिपाडं घासून रांगेत ठेवलेली होती. ही माणसं हताश होऊन बसत नाहीत, टिपाड घासून ठेवतात. अमीननं नळी हातात घेतली, पहिली ताईबाईच्या टिपाडात सोडली. टिपाड भरत आलं तशी ताईबाई जवळ आली. अमीनच्या गळ्यातलं पदक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, नखानं खरवडून पाहिलं, परत त्याच्या छातीवर सोडलं.

"हाई एवढ्यासाठी पयना तू?"

"हो, अक्का."

"बठ्ठा गाव तुना मांगे वरडी ऱ्हायंता म्हने."

"हो, अक्का."

"चांगलं व्हयनं." तिनं टिपाडाच्या काठावरून हात फिरवला. मग डोळे बारीक करून म्हणाली, "पुढला साल पयशी का रे पुन्हा?"

अमीननं नळी पुढच्या टिपाडात टाकली आणि म्हणाला, "पयसू, अक्का. पन शर्यत तुमना पानीना दिवसलेच ठेवनी पडी."